पाटी कशाला म्हणावे?

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा रस्ता आपणां सर्वांच्या पायाखालचा आहे. मागे एकदा राज्यशास्त्राच्या तासाला मी विद्यार्थ्यांना एक साधे काम सांगितले : या रस्त्यावर एकूण पाट्या किती आहेत, ते मोजून या. दुसऱ्या दिवशी उत्तरे आली ती एकमेकांपासून फार वेगळी. एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुपटीहूनही अधिक होता. मोजण्यात चूक कोणाचीच नव्हती. मतभेद होता तो पाटी कशाला म्हणावे याविषयी.

दुकानांवरील नावे सर्वांनीच मोजली होती. पण दुकानाच्या काचेवर चिकटवलेले 'सेल'चे कागद धरायचे की नाही? डॉक्टरांच्या दारावरची पितळी पाटी? 'येथे वाहने लावू नयेत' हे भिंतीवर रंगवलेले वाक्य? चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स? हरिनाम सप्ताहाची कापडी कमान? रिक्षाच्या पाठीवरचा मजकूर? तासभर वाद झाला आणि त्याचा निकाल काही लागला नाही. मात्र एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. मोजण्यापूर्वी व्याख्या करावी लागते, आणि व्याख्या करू लागले की कोणाला आत घ्यावे व कोणाला बाहेर ठेवावे, हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्यात कोणाचा शब्द आणि कोणाचा जीव गुंतलेला असतो, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याख्या आणि तिची जाळी

शहराच्या जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे भाग पाडून कोणत्या भागात काय बांधावे व काय करावे हे ठरवण्याच्या पद्धतीला 'झोनिंग' म्हणतात. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली असे नियम सबंध शहराला लागू केले, आणि ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. इमारतीचा उपयोग, तिची उंची, तिच्याभोवती सोडावयाची मोकळी जागा यांच्या जोडीला या नियमांत फलकांचे प्रकरणही येऊन बसले. आज अमेरिकेतील बहुतेक नगरांच्या नियमावलीत फलकांचा एक स्वतंत्र भाग असतो, आणि त्याची सुरुवात जवळजवळ नेहमीच व्याख्येने होते.

अशी व्याख्या सहसा फार रुंद असते. लोकांचे लक्ष वेधण्यासाठी किंवा काही कळवण्यासाठी उभारलेली, अक्षरे, चित्रे, आकृती अथवा प्रकाश यांचा उपयोग करणारी आणि रस्त्यावरून दिसणारी कोणतीही वस्तू म्हणजे फलक, असा तिचा साधारण आशय असतो. ती एवढी रुंद का, असे कोणी विचारील. त्याचे कारण व्यावहारिक आहे. व्याख्येत 'लाकडी वा लोखंडी तक्ता' असे लिहिले की जाहिरातदार दुसऱ्याच दिवशी कापड लावतो. कापड घातले की फुगा सोडतो. म्हणून नियम करणारा आधी मोठे जाळे टाकतो, आणि मग जे मासे त्याला नको असतात ते एकेक करून सोडून देतो. राष्ट्रध्वज, घराचा क्रमांक, वाहतुकीची चिन्हे, न्यायालयाच्या वा शासनाच्या नोटिसा यांना बहुधा सूट मिळते. अशा सवलतींची यादी जसजशी लांबत जाते तसतसा पक्षपातालाही वाव मिळत जातो. व्याख्येपेक्षा सवलतींची यादीच अधिक लक्षपूर्वक वाचावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यासाठीच.

वर्गीकरणाचे दोन मार्ग

व्याख्या झाली की वर्गीकरण येते. प्रत्येक पाटीला एक देह असतो आणि एक शब्द असतो. देह म्हणजे तिचा आकार, उंची, जागा, आधार, प्रकाश आणि ती किती दिवस राहते तो काळ. शब्द म्हणजे तिच्यावरचा मजकूर. वर्गीकरण या दोहोंपैकी कशाच्याही आधारे करता येते.

देहावरून केलेले वर्ग असे असतात : भिंतीला सपाट लावलेला फलक, भिंतीतून रस्त्यावर काटकोनात बाहेर आलेला, स्वतःच्या खांबावर जमिनीत उभा असलेला, छपरावर चढवलेला, खिडकीच्या काचेवरचा, आणि कापडी वा तात्पुरता. या प्रत्येकाचा धोका निराळा असतो. बाहेर आलेला फलक पादचाऱ्याच्या डोक्याला लागू शकतो. छपरावरच्या फलकात वारा भरतो. कोपऱ्यावर उभा असलेला फलक समोरून येणारे वाहन झाकतो, आणि लुकलुकणारा वाहनचालकाचे लक्ष विचलित करतो. म्हणून प्रत्येक वर्गाला वेगळी मोजमापे लावली तर त्यात कोणावर अन्याय होत नाही. मापण्याचेही नियम असतात. तक्ता नसून भिंतीवर सुटी अक्षरे बसवली असतील, तर सर्व अक्षरांना सामावून घेणारा चौकोन कल्पून त्याचे क्षेत्रफळ धरण्याची रीत आहे. घराघरांच्या निवासी भागात लहान फलक आणि बाजारपेठेत मोठा, असा विभागवार फरकही याच जातीचा.

शब्दावरून केलेले वर्ग निराळे : राजकीय, वैचारिक, धार्मिक, व्यापारी, मार्गदर्शक, विक्रीचे. हे वर्ग ऐकताना अगदी नैसर्गिक वाटतात, कारण आपण पाटी पाहतो ती मुळी वाचण्यासाठीच. परंतु परवाना देणारा अधिकारी फूटपट्टी बाजूला ठेवून मजकूर वाचू लागला की काय होते, हे एका छोट्या नगराच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

गिल्बर्ट नगराची गोष्ट

अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ गिल्बर्ट नावाचे नगर आहे. तेथील नियमावलीप्रमाणे परवान्याशिवाय उघड्यावर फलक लावण्यास मनाई होती. या मनाईतून २३ प्रकारचे फलक वगळले होते. त्यांपैकी तीन प्रकार आपल्या कामाचे आहेत.

पहिला 'वैचारिक' फलक. एखादे मत वा विचार मांडणारा हा फलक २० चौरस फुटांपर्यंत, कोणत्याही विभागात आणि कितीही दिवस लावता येई. दुसरा 'राजकीय' फलक, म्हणजे निवडणुकीसंबंधीचा. तो निवासी जागेत १६ चौरस फूट आणि इतरत्र ३२ चौरस फुटांपर्यंत चाले. प्राथमिक निवडणुकीपूर्वी ६० दिवसांपासून सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ दिवसांपर्यंत तो ठेवण्याची मुभा होती. तिसरा प्रकार कार्यक्रमाची वाट दाखवणाऱ्या तात्पुरत्या फलकाचा. धार्मिक, धर्मादाय, शैक्षणिक वा तत्सम संस्थेच्या सभेकडे लोकांना नेणारा हा फलक. त्याला मिळाले अवघे ६ चौरस फूट. एका जागेवर असे चारच फलक, आणि तेही कार्यक्रमाच्या १२ तास आधीपासून कार्यक्रम संपल्यावर एका तासापर्यंत.

याच नगरात एक लहानसे ख्रिस्ती प्रार्थनामंडळ होते. त्याला स्वतःची इमारत नव्हती. कधी एखाद्या शाळेत तर कधी आणखी कुठे रविवारची प्रार्थना भरे. जागा बदलणाऱ्या मंडळाला लोकांना पत्ता कळवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाटी. शनिवारी सकाळी मंडळाचे लोक नगरात १५-२० पाट्या लावत आणि रविवारी दुपारच्या सुमारास काढून घेत. पाटीवर मंडळाचे नाव, प्रार्थनेची वेळ आणि जागा एवढेच लिहिलेले असे.

आता हिशेब करून पाहा. प्रार्थना सकाळी नऊला असेल, तर नियमाप्रमाणे पाटी आदल्या रात्री नऊच्या आधी लावता येणार नाही. म्हणजे ती लावायची अंधारात आणि लोकांनी वाचायचीही अंधारातच. मंडळाला दोनदा नोटीस मिळाली. पहिली वेळेची मर्यादा ओलांडल्याबद्दल, आणि दुसरी त्याच कारणाने व पाटीवर तारीख नव्हती म्हणून. एक पाटी तर नगराच्या कर्मचाऱ्यांनी जप्तही केली. मंडळाने न्यायालयात धाव घेतली. जिल्हा न्यायालयाने आणि त्यावरील अपील न्यायालयाने नगराचीच बाजू मान्य केली. शेवटी 'रीड विरुद्ध गिल्बर्ट' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८ जून २०१५ रोजी सर्व नऊ न्यायमूर्तींनी निकाल मंडळाच्या बाजूने दिला.

मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे आहे. त्यातील एक उदाहरण कला शाखेच्या विद्यार्थ्यांना विशेष रुचेल, म्हणून त्याचा आशय देतो. जॉन लॉकच्या शासनविषयक ग्रंथावर चर्चा अमुक वेळी अमुक ठिकाणी आहे, असे सांगणारी एक पाटी. लॉकच्या एखाद्या अनुयायाला मत द्या, असे सांगणारी दुसरी. लॉकच्या तत्त्वज्ञानावर आधारलेला विचार मांडणारी तिसरी. गिल्बर्टच्या नियमाप्रमाणे या तीन पाट्यांना तीन निरनिराळे न्याय. फरक कशामुळे पडला? केवळ त्यांवर काय लिहिले आहे त्यामुळे. नगराने दोन कारणे पुढे केली होती : गावाची शोभा आणि वाहतुकीची सुरक्षितता. पण वाट दाखवणारी पाटी शोभेला बाधा आणते आणि तिच्या तिप्पट आकाराची वैचारिक पाटी आणत नाही, असे कसे म्हणता येईल? वाहनचालकाचे लक्ष दोन्हींकडे सारखेच जाणार. नियमामागचे कारण आणि नियमाने पाडलेला भेद यांचा मेळ बसत नव्हता. म्हणून तो नियम घटनेतील भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरला.

या नगराने प्रार्थनामंडळाचा द्वेष केला होता, असे कोणी म्हटले नाही. वाईट हेतू नसतानाही निव्वळ वर्गीकरणामुळे ज्याच्यापाशी इमारत नाही, पैसा नाही, त्याच्या वाट्याला सर्वांत लहान पाटी आली. मला या खटल्यातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

दुसरी बाजू

तथापि एवढ्यावरून 'मजकूर मुळीच पाहू नये' असा सोपा नियम काढणे घाईचे होईल. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालाशी सहमत होऊनही निराळे मत नोंदवले. गिल्बर्टचा नियम हसण्याच्या कसोटीलाही उतरत नाही, हे त्यांना मान्य होते. परंतु कित्येक गावे घरक्रमांकाला, धोक्याची सूचना देणाऱ्या पाटीला, ऐतिहासिक स्थळाच्या फलकाला मजकूर पाहूनच सवलत देतात. हे सारे निरुपद्रवी नियम कडक कसोटीला लावले तर त्यांचे काय होणार, अशी त्यांची शंका होती. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या मतात नगरांना काय करता येईल त्याची यादीच दिली. आकार, जागा, प्रकाश, स्थिर मजकूर की बदलता, खाजगी जागा की सार्वजनिक, मैलागणिक किती फलक, हे सर्व ठरवण्यास हरकत नाही. म्हणजे त्यांच्या यादीत बहुतेक गोष्टी देहाच्याच आहेत.

एक प्रकार मात्र या दोहोंच्या सीमेवर बसतो. आपल्या दुकानाची पाटी आपल्याच दुकानावर, आणि दुसऱ्याच्या मालाची जाहिरात आपल्या जागेवर, हा तो भेद. जागेचा फलक आणि जागेबाहेरचा फलक असे त्याला म्हणता येईल. हा भेद ओळखण्यासाठी पाटी वाचावीच लागते. मग तो शब्दावरचा की देहावरचा? टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या नियमात असाच भेद होता, आणि जागेबाहेरचे जुने फलक विजेच्या बदलत्या पडद्यांत रूपांतरित करण्यास मनाई होती. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की, जागा ठरवण्यापुरते वाचणे म्हणजे विचाराला पारखणे नव्हे. थॉमस यांनी या निकालाला विरोध केला. तेव्हा वाद अजून संपलेला नाही.

सवलतींची यादी कशी फसवते याचा आणखी एक दाखला सेंट लुईसजवळील लाड्यू या गावचा. तेथे घरांवर पाट्या लावण्यास बंदी होती, मात्र 'घर विकणे आहे' अशा पाटीला परवानगी होती. आखाती युद्धाच्या वेळी एका महिलेने शांततेची मागणी करणारी पाटी प्रथम अंगणात आणि नंतर वरच्या मजल्याच्या खिडकीत लावली. खिडकीतली पाटी आपल्या वहीच्या पानाएवढीच, म्हणजे साडेआठ इंच बाय अकरा इंच होती. तिलाही बंदी! १९९४ साली न्यायालयाने एकमताने ही बंदी रद्द केली. घर विकायचे असेल तर बोला, युद्ध नको असेल तर गप्प बसा, असा त्या नियमाचा अर्थ होत होता. तो गावकऱ्यांच्या मनात नसेलही, पण यादीत होता.

आपल्याकडची आकाशचिन्हे

अमेरिकेच्या न्यायालयाचे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्यावर घालावयाच्या वाजवी निर्बंधांची कारणेही तेथेच दिलेली आहेत. परंतु व्याख्येचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. पुणे महानगरपालिकेत 'परवाना व आकाशचिन्ह विभाग' आहे. हे काव्यमय नाव ऐकून अनेकांना तो खगोलशास्त्राशी संबंधित वाटतो! वस्तुतः तो कायद्यातल्या एका व्याख्येचा अनुवाद आहे.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या ३२८ व्या कलमात आकाशचिन्हाची व्याख्या आहे, आणि इतर महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाच्या २४४ व्या कलमातही तशीच आहे. खांबावर वा सांगाड्यावर उभारलेले आणि रस्त्यावरील कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे जाहिरातीचे, सूचनेचे अथवा दिशादर्शक अक्षर, चित्र वा चिन्ह म्हणजे आकाशचिन्ह. त्याचा खांब आणि आधारही त्यातच आला. जाहिरातीसाठी सोडलेला फुगाही आला. ही व्याख्या मला मोठी मार्मिक वाटते, कारण तिचा मुख्य भर देहावर आहे. जे आकाशावर रेखलेले दिसते ते उंच असते, आणि जे उंच असते ते पडू शकते.

त्यानंतर अर्थातच सवलतींची यादी येते. त्याच जागेवर लावलेली 'विकणे आहे' वा 'भाड्याने देणे आहे' ही सूचना, आणि रेल्वेच्या जागेतील केवळ रेल्वेच्या कामकाजासंबंधीचे फलक. या शेवटच्या सवलतीला एक अट जोडलेली आहे : असा फलक रस्त्यावर वा सार्वजनिक जागी पडू शकणार नाही अशा रीतीने उभारलेला असावा. कायदा लिहिणाऱ्याला पडण्याची भीती ठाऊक होती, हे यावरून दिसते.

ही भीती किती खरी होती, ते १३ मे २०२४ रोजी मुंबईच्या घाटकोपर भागात दिसले. वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरातफलक शेजारच्या पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. फलकाचे माप १२० फूट बाय १२० फूट होते. महापालिकेची कमाल मर्यादा ४० फूट बाय ४० फूट, म्हणजे तो क्षेत्रफळाने नऊपट होता. ज्या जमिनीवर तो उभा होता ती रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील होती, आणि आपली परवानगी घेतलेली नव्हती असे महापालिकेने सांगितले. जमीन कोणाची, परवानगी कोणाची, हा वाद दुर्घटनेनंतर रंगला. वाऱ्याने मात्र तो वाद विचारात घेतला नाही. जमिनीच्या मालकावरून फलकाचा देह हलका होत नाही.

निष्कर्ष

गिल्बर्ट आणि घाटकोपर ही दोन गावे एकमेकांपासून हजारो मैल दूर आहेत, आणि तेथील प्रसंगही परस्परांहून अगदी भिन्न आहेत. तरी दोन्हींकडून एकच धडा मिळतो. गिल्बर्टमध्ये नियमाने पाटीचा शब्द नको तेवढा पाहिला, आणि एका गरीब मंडळाच्या ६ चौरस फुटांच्या पाटीवर तासांचा हिशेब लावला. घाटकोपरला फलकाचा देह जेवढा पाहायला हवा होता तेवढा कोणी पाहिला नाही, आणि १४,४०० चौरस फुटांचा फलक उभा राहिला. चांगल्या नियमाने देहाविषयी कठोर असावे आणि शब्दाविषयी उदार असावे. सवलत द्यायचीच असेल तर ती का दिली, याचे कारण नियमाच्या उद्देशातून दाखवता आले पाहिजे. आणि देहाचा नियम शासकीय जागेला, खाजगी जागेला, पुढाऱ्याच्या फ्लेक्सला आणि भजनीमंडळाच्या कमानीला सारखाच लागला पाहिजे.

शेवटी विद्यार्थिमित्रांना एक गृहपाठ सुचवतो. आपल्या गावासाठी पाटीची व्याख्या चार ओळींत लिहा आणि तिच्याखाली सवलतींची यादी करा. मग ती यादी आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याच्या, न पटणाऱ्या पंथाच्या अनुयायाच्या आणि रस्त्याकडेला वडापावची गाडी लावणाऱ्याच्या नजरेने पुन्हा वाचा. त्यांपैकी कोणाला ती अन्यायाची वाटली, तर खोडून पुन्हा लिहा. माझ्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या मसुद्यात बहुतेकांनी शैक्षणिक संस्थांच्या फलकांना संपूर्ण सूट दिली होती. आपण स्वतः ज्या बाजूला उभे असतो, ती बाजू यादीत आपोआप येते. हे कळणे म्हणजेच कायदा वाचायला शिकण्याची सुरुवात होय.